‘अजून ठरलं नाही’: एका गाण्याच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी

काम: तीन मिनिटांच्या आतलं एक मराठी पॉप गाणं. विषय: शिक्षण, नोकरी, लग्न, घर या आखून दिलेल्या पायऱ्या नाकारणारी तरुण मुलं. माणसं चार. गायिका (वय २३), गिटारवाला, ड्रमर आणि मी. शब्द, चाल, रेकॉर्डिंग, मिक्स हे सगळं माझ्याकडे. माझं वय ४४. हे आजच लिहून ठेवतो, कारण पुढच्या बऱ्याच भानगडींचं मूळ इथेच निघणार असं दिसतंय.

रात्री एका बैठकीत पहिला खर्डा झाला. मुखडा: ‘तोडून टाकू साऱ्या भिंती, आम्ही नवे वारे’. झोपताना बरा वाटत होता.

७ जानेवारी

सकाळी वाचला. भिंती, वारे, साखळ्या, पंख, आभाळ. एकाच गाण्यात पाचही. गायिकेला पाठवला होता, तिचं उत्तर आलं: “दादा, छान आहे. पण असं बोलतं कोण?”

मग फोनवर अर्धा तास. तिचं म्हणणं, तिच्या घरी कुणी भिंती बांधलेल्या नाहीत. कुणी ओरडत नाही, कुणी कोंडून ठेवत नाही. फक्त विचारतात, “मग, पुढे काय?” माणूस दर वेळी वेगळा, चाल मात्र तीच. ती चाल तिने म्हणूनही दाखवली. ‘पुढे’ सपाट, ‘काय’ वर चढलेलं. पेटीवर धरून बघितलं तर सा सा ग. वहीत टिपलं.

मी विचारलं, “मग तू काय सांगतेस?”

“काय सांगणार? ठरलं नाही म्हणते.”

जुना खर्डा बाजूला टाकला. वीस वर्षं गाणी लिहितोय आणि बंड म्हटलं की अजून माझा हात आधी ‘साखळी’ या शब्दाकडे जातो.

९ जानेवारी

‘आम्ही’, ‘आपण’ की ‘मी’, यात अख्खा दिवस गेला. वाया गेला असं म्हणणार नाही.

‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. मराठीत ही सोय आहे, आणि हाच त्रासही. ‘आम्ही निघालो’ म्हणजे तुम्ही नाही. विशीतल्यांना ते आवडेल, पण ऐकणारा पन्नाशीचा असेल तर पहिल्याच ओळीत त्याच्या तोंडावर दार बंद. ‘आपण’ घेतलं की सगळे आत येतात आणि गाणं प्रचारगीत होतं, ‘चला, आपण सारे’ थाटाचं. गायिकेने दोन्हींना फुली मारली. “तो प्रश्न मला एकटीलाच विचारतात. तेव्हा आजूबाजूला ‘आम्ही’ वगैरे कुणी नसतं.”

तर मग ‘मी’. पण ‘मी’ आला की भूतकाळात लिंग आलंच. मी चुकले की मी चुकलो? मंचावर गाणारी ती, सोबत म्हणणाऱ्यांत मुलं-मुली दोन्ही. ‘ठरलं नाही’ मात्र नपुंसकलिंगी, कुणाच्याही तोंडी बसतं. ही ओळ पक्की ठेवायला हे एक कारण पुरे.

१२ जानेवारी

धृवपद झालं:

पुढे काय? ठरलं नाही
अजून काही ठरलं नाही
वाट चुकले असेन, पण
वाट बघत बसले नाही

शेवटच्या दोन ओळी रस्त्याने चालताना सुचल्या. ‘वाट’ एकच. चुकली तरी आपलीच, बघत बसलं तर दुसऱ्याची. घरी येईपर्यंत पुटपुटत राहिलो, विसरेन या भीतीने.

ड्रमरचा आक्षेप लगेच आला, आणि तो खोडसाळ नव्हता. “ठरलं नाही म्हणजे काय? पाऊस पडला नाही तसं? ठरवायचं कुणी?” त्याच्या मते ‘ठरलं नाही’ ही पळवाट. कर्ताच गायब. खरं बंड ‘मी ठरवलं नाही’ म्हणण्यात. म्हणजे मला सुचलं नाही असं नव्हे, मी ठरवायला नकार दिला.

गायिका म्हणाली, “बरोबर आहे, पण असं घरी तोंडावर कुणी म्हणत नाही. म्हणायची इच्छा असते.”

भांडण सुटलं नाही. दोन्ही ओळी लिहून ठेवल्या आणि अक्षरं मोजली. ‘अजून काही ठरलं नाही’ बोलण्यात आठ अक्षरी, ‘अजून मी ठरवलं नाही’ हीसुद्धा आठच. म्हणजे त्याच चालीवर, त्याच जागी बसेल. ‘काही’ जाऊन ‘मी’ येतो, आणि क्रियापदात एक ‘व’. एकाऐवजी दुसरी निवडायचीच कशाला? आधी एक, शेवटी दुसरी. कुठे ते मग बघू.

१५ जानेवारी

पहिल्या अंतऱ्यासाठी थोडं वाचन. बर्निस न्यूगार्टन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६०च्या दशकात ‘सामाजिक घड्याळ’ ही कल्पना मांडली. कोणत्या वयात शिक्षण संपावं, कधी लग्न व्हावं, कधी मूल व्हावं, याचं एक न लिहिलेलं वेळापत्रक समाजाकडे असतं, आणि आपण ‘वेळेवर’ आहोत की ‘उशिरा’ हे प्रत्येकाला आतून माहीत असतं. पुढे २००० साली जेफ्री आर्नेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी साधारण १८ ते २५ या वयाला स्वतंत्र टप्पा म्हणून नाव दिलं. धड पोरवय नाही, धड प्रौढपण नाही, चाचपडण्याचा काळ. त्यावर वादही झाले: हे सगळ्यांना लागू, की ज्यांना चाचपडणं परवडतं त्यांनाच? वाद रास्त आहे. आपल्या गाण्यातली मुलगी कोणत्या गटात बसते ते गाण्यात येत नाही, आणि यावं असं मला वाटतही नाही. तीन मिनिटांत तेवढी जागा नसते.

पण घड्याळ कामाला आलं. वेळापत्रक आहे ना, मग ते जसंच्या तसं लिहू:

बाविसाला पदवी, चोविसाला खुर्ची
सव्विसाला जोडी, तिसाव्याला चावी
यादी तुमची सुरेख, अक्षर वळणदार
नाव तेवढं माझं, बाकी तुमचा विचार

व्याकरणाने ‘बाविसाव्याला’ हवं. बसत नाही. बोलताना लोक खातात तसं खाल्लं. मग ‘तिसाव्याला’ पूर्ण का, असं गिटारवाल्याने विचारलं. कारण तिथे जागा होती, दुसरं काही नाही.

तिसरी ओळ मला आवडते. यादी करणाऱ्याला शिवी दिलेली नाही, उलट अक्षराचं कौतुक केलंय. त्यामुळे चौथी ओळ लागते.

१९ जानेवारी

चाल आणि पट्टी. गायिका काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा) मोकळी गाते. गिटारवाला कुरकुरला, मग पहिल्या घरात कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जीच्या आकारात वाजवायला लागला. प्रश्न मिटला.

दुसरा प्रश्न सहज मिटला नाही. गाण्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘नाही’, आणि तो ‘ई’वर संपतो. पहिल्या चालीत ‘ही’ तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर होती. काळी चारचा तार सा म्हणजे साधारण ४१५ हर्ट्झ. ‘ई’ला ‘ई’पण देणारा तोंडातला पहिला अनुनाद ३०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सुराच्याही खाली. तिथे गळा जोर लावतो, जबडा उघडतो, आणि ‘ई’ची ‘ए’ होते. तिने चार वेळा म्हटलं. चारही वेळा मला ‘ठरलं नाहे’ ऐकू आलं. पाचव्या वेळी तिलाही आलं, आणि मग दोघांनाही दुसरं काही ऐकूच येईना.

‘आ’चं तसं नाही. त्याचा अनुनाद बराच वर, त्यामुळे तो उंच सुरात मोकळा राहतो. मग शब्द फोडला. ‘ना’ तार सा वर लांब, ‘ही’ खाली धैवतावर टेकवून पटकन सोडायची. आता जोर ‘ना’वर पडतो, आणि खरं तर माणूस चिडून ‘नाही’ म्हणतो तेव्हा तो पडतोही तिथेच. चाल नुसती सोयीची झाली नाही, खरी झाली.

२३ जानेवारी

रचना: सुरुवात ४ बार (एक बार म्हणजे चार ठोके), अंतरा ८, धृवपद ८, अंतरा ८, धृवपद ८, मधला तुकडा ८, शेवटी धृवपद दोनदा. एकूण ६०.

मी लय मिनिटाला ९२ ठोक्यांची धरली होती. त्या लयीत पहिलं धृवपद ३१व्या सेकंदाला येतं. ड्रमर म्हणाला, “स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजतात. आपलं गाणं मोजून झाल्यावर सुरू होतंय.” लय १०० केली तर १२ बार २८.८ सेकंदांत संपतात. केली १००. आकड्यासाठी केली म्हणून मी जरा नाराज होतो, पण गायिकेला ९२ मुळातच रडकी वाटत होती.

बंडाचं गाणं आणि साचा किती जुना! दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला तीनेक मिनिटंच धरायची, म्हणून गाणं तीन मिनिटांचं. तबकडी गेली, तीन मिनिटं राहिली. आता तीस सेकंद आले. गिटारवाल्याने सुचवलं की आपण साचाच मोडू, धृवपद एकदाच घेऊ. करून बघितलं. गाणं विसरायला झालं. लोकांना म्हणता येईल अशी ओळ परत परत आली नाही, तर ते गाणं आमच्या चौघांचंच राहील. साचा ठेवला.

२ फेब्रुवारी

डेमो १. अंतऱ्याला कॉर्ड जी, डी, ई मायनर, सी. धृवपदाला ई मायनर, सी, जी, डी. नवीन काही नाही, अर्धं जग यावर गातं.

पण धृवपद डीवर संपतं, म्हणजे पंचमाच्या कॉर्डवर, आणि तिची शेवटची ‘ही’ मध्य सप्तकातल्या रे वर उतरते. कान सा मागतो. पहिल्या दोन वेळा पुढचा भाग सुरू होतो म्हणून चालून जातं. शेवटी मात्र आम्ही तिथेच थांबलो. रे लोंबकळत राहिला.

डेमो तिघांना ऐकवला. त्यातल्या दोघांनी विचारलं, “फाईल अर्धवट आली का?”

५ फेब्रुवारी

गिटारवाल्याकडून ट्रॅक आले. प्रोजेक्टमध्ये टाकले तर सगळं धावतंय आणि बेसूर. त्याने रेकॉर्ड केलं होतं ४४.१ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने), प्रोजेक्ट ४८चा, आणि फाईल न बदलता तशीच वाजत होती. ४८ भागिले ४४.१ म्हणजे १.०८८. शंभरची लय जवळजवळ १०९ झाली आणि सूर दीडेक सेमिटोन वर गेला. आधी वीस मिनिटं कॅपोला दोष देत होतो. रूपांतर करून घेतलं. आता दारावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी: ४८, २४ बिट.

११ फेब्रुवारी

दुसरा अंतरा अडला होता. मी पहिल्याच अंतऱ्याचं भांडण पुढे ओढत होतो, म्हणजे आणखी एक यादी, आणखी एक टोमणा. चार खर्डे झाले, चारही कडवट.

आज जुन्या दोन गाण्यांकडे परत गेलो, ती कशी बांधली आहेत ते बघायला. बीटल्सचं ‘शीज लीव्हिंग होम’, १९६७. घर सोडून गेलेल्या मुलीची बातमी वर्तमानपत्रात आली होती, त्यावरून लिहिलेलं. गोष्ट मॅकार्टनी सांगतो, आणि मागून आईबापाची बाजू लेनन गातो. बीटल्सच्या चौघांपैकी कुणीही त्यात वाद्य वाजवलेलं नाही. तंतुवाद्यं आणि हार्प, बस. दुसरं कॅट स्टीव्हन्सचं ‘फादर अँड सन’, १९७०. तिथे तर गायक एकच. बाप खालच्या सुरात, मुलगा वरच्या. सप्तक बदललं की माणूस बदलतो. दोन्हींत मोठ्यांना बोलायला जागा दिली आहे, आणि त्यामुळे तरुणांची बाजू हलकी होत नाही, उलट जड होते.

गायिकेला विचारलं, तुझी आई काय म्हणते? ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “काही म्हणत नाही. विचारते आणि विषय बदलते. मला कधीकधी वाटतं, तिलाही कुणीतरी विचारायला हवं होतं.”

संध्याकाळी लिहिलं:

मीही होते विशीत कधी, मलाही होती घाई
कुणी विचारलंच नाही, म्हणून सांगितलं नाही

पुढे दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. आई इतकंच बोलून थांबते. उरलेले चार बार नुसती गिटार.

गायिकेने वाचलं आणि फक्त “हे गाते मी” असं लिहिलं.

१६ फेब्रुवारी

आवाजाचं रेकॉर्डिंग. कंडेन्सर माईक, पॉप फिल्टर, मध्ये वितीभर अंतर.

मराठीचा ‘प’ माईकला फारसा छळत नाही, त्यात हवेचा झोत नसतो. ‘पुढे’ सरळ आत गेलं. छळतो तो महाप्राण. ‘ठरलं’मधला ‘ठ’ तिने चिडून म्हटला की धप्प. माईक तोंडासमोरून जरा बाजूला वळवला, झोत शेजारून जायला लागला.

त्याहून त्रासदायक दंत्य ‘च’. चुकले, चोविसाला, आणि मधल्या तुकड्यात येणार आहे ते चाळिशीत. तिन्हीत स-मिश्रित च, सहा-सात हजार हर्ट्झला सुईसारखा. ‘चावी’ आणि ‘विचार’मधला च तालव्य, तो शहाण्यासारखा वागतो. डी-एसर (असे टोचणारे स-कार दाबणारं साधन) सगळ्या आवाजावर लावला तर ती बोबडी वाटते. त्यामुळे ते तीन शब्द हातानेच खाली आणायचे ठरलं. ‘वाट चुकले’मध्ये ट आणि च एकमेकांत घुसून ‘वाच्चुकले’ होत होतं. दोघांच्या मध्ये केसाएवढी फट ठेवायला सांगितली. अकराव्या टेकला जमलं. नववा टेक भावनेने जास्त चांगला होता, पण त्यात वाच्चुकले.

आईच्या ओळी मंद्र पंचमाजवळ. तिच्या पल्ल्याची जवळपास तळरेषा. तिथे आवाज पातळ होतो, खरखर येते. मी म्हटलं, माईकच्या जवळ ये, दोन बोटं अंतर. जवळ आलं की असा माईक खालचे सूर फुगवतो. आवाज एकदम वयाने वाढला. तिने हेडफोन काढले आणि म्हणाली, “आईच आहे ही.” मग म्हणाली, “आज बस.”

१८ फेब्रुवारी

सुट्टी. घसा.

२१ फेब्रुवारी

मधला तुकडा:

तिशीत शिकेन पोहायला, चाळिशीत चित्र
पन्नाशीला पहिल्यांदा लिहीन कुणाला पत्र

पहिल्या अंतऱ्यातली यादी, पण तिच्या हातची. ड्रम्स बंद, फक्त गिटार आणि आवाज.

रेकॉर्ड झाल्यावर ऐकलं तर मागे टिक, टिक, टिक. हेडफोनमधला क्लिक (लय मोजून देणारी टिकटिक) गिटारच्या माईकमध्ये उतरला होता. मोठ्या भागांत ड्रम्सखाली झाकला गेला असता, इथे उघडा पडला. गिटारवाला एकदम उत्साहात. “अरे, हेच ते सामाजिक घड्याळ! ठेवू या!” मलाही क्षणभर पटलं. रात्री तर फारच पटलं. सकाळी ऐकलं तर गळका नळ. प्रत्येक टिकेगणिक कान तिकडेच जातो आणि ती पोहायला कधी शिकणार हे कळतच नाही. कल्पना चांगली असली म्हणून आवाज चांगला होत नाही.

मग क्लिकच काढून टाकला. दोघांना समोरासमोर बसवलं, एकमेकांकडे बघून वाजवा-गा म्हटलं. ‘पत्र’च्या आधी ती थांबली, गिटारही थांबली. मोजणीत हे कधीच आलं नसतं. आठ बारांचा तुकडा १९ सेकंदांऐवजी २१ ला गेला.

अडचण नंतरची: ड्रम्स परत आत आणायचे कसे? ड्रमरने चार काठ्या मोजून द्यायची तयारी दाखवली, ती नको वाटली. शेवटी तिच्या श्वासावर आणलं. ‘पत्र’ संपतं, ती श्वास घेते, आणि तो श्वास संपतो तिथे पुढचा पहिला बार हाताने सरकवून लावला. चौदा वेळा सरकवला.

२८ फेब्रुवारी

सामूहिक आवाज. आम्ही तिघे आणि ओळखीतली चार मुलं-मुली. सगळं धृवपद सगळ्यांनी म्हणायचं असा बेत होता. मुली ‘चुकले’, मुलं ‘चुकलो’. कागदावर मला हे फार गोड वाटलं होतं. ऐकायला ‘ले’ आणि ‘लो’ची खिचडी झाली, ओळीचं टोक बोथट झालं. सगळ्यांनी ‘चुकले’ म्हणावं तर मुलांना ते खोटं वाटतं, आणि चेहऱ्यावर दिसतंही.

शेवटी जमावाला फक्त ‘ठरलं नाही’ दिलं. ‘वाट चुकले असेन’ तिचं एकटीचं. ९ जानेवारीला तिने सांगितलेलंच होतं.

‘ठरवलं’ कुठे, तेही आज सुटलं. शेवटचं धृवपद दोनदा आहे. पहिल्या फेरीत सगळे ‘अजून काही ठरलं नाही’ म्हणतात. दुसऱ्या फेरीत जमाव तेच म्हणतो आणि ती वरून ‘अजून मी ठरवलं नाही’ म्हणते. अक्षरं तेवढीच, त्यामुळे धक्का लागत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कदाचित कळणारही नाही. ड्रमरला कळलं, तो काही बोलला नाही, पण पुढच्या टेकला नेमका त्या ‘व’वर त्याने क्रॅश (ड्रमची मोठी झांज) मारला. मग म्हणाला, “जास्त झालं का?” झालं होतं. काढला.

६ मार्च

शेवटावरून कडाक्याचं भांडण, ते मोकळेपणाने लिहितो.

ती रे वर थांबते. लोकांना फाईल तुटल्यासारखी वाटते. मी गेले तीन आठवडे मनात एक तोड घेऊन फिरत होतो. तिचा रे विरत असताना, खालून, आईच्या त्या मंद्र आवाजात एकच शब्द: ‘बरं.’ आणि तो सा वर. कान मागतो तो सूर मिळतो, आणि तो देते आई. मुलगी झुकत नाही, आईही ओरडत नाही. मी तात्पुरता लावून ऐकवला. गिटारवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ड्रमर म्हणाला, “सुंदर.”

गायिका म्हणाली, “नको.”

मी समजावलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “दादा, हे तुम्हाला हवंय. मला आईकडून ‘बरं’ आलेलं नाही. अजून तरी नाही. गाण्यात आलं तर मी खोटं गाईन. आणि शेवटचा शब्द तिचा कशाला? प्रश्न मला विचारला होता ना?”

मी म्हटलं, गाणं म्हणजे तुझं चरित्र नव्हे. ती म्हणाली, “मग ‘मी’ कशाला केलं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही वाटतं, संगीत म्हणून तो शेवट जास्त चांगला होता. लोकांना आवडलाही असता. माझ्या वयाच्यांना तर नक्कीच. ट्रॅक बंद केला, पुसला नाही.

रे तसाच. फक्त फाईल तुटल्यासारखं वाटू नये म्हणून गिटारचा शेवटचा डी हाताने न दाबता पूर्ण विरू द्यायचा. आठेक सेकंद. तुटलेल्या फाईलला शेपूट नसतं.

१२ मार्च

मिक्स, मास्टर. पहिला मास्टर मी दणकून केला, उणे ८ लफ्स (आवाज किती मोठा वाटतो याचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितका मोठा). गाडीत भारी वाटला. पण स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी उणे १४च्या पातळीवर आणून वाजवतं. म्हणजे आमचं गाणं ६ डेसिबल खाली ढकललं जाणार, आणि दाबून सपाट केलेला आवाज सपाटच राहणार. दोन्ही एका पातळीवर लावून तुलना केली. दणका गेला, आणि मधल्या तुकड्यातला श्वास तर धृवपदाएवढाच मोठा वाटत होता. परत केला, उणे १३च्या आसपास, सगळ्यात उंच टोक उणे १ डेसिबलवर. आता धृवपद आलं की खरंच काहीतरी आल्यासारखं वाटतं, कारण त्याआधी काहीतरी कमी असतं.

‘चुकले’चा च अजून अर्धा डेसिबल जास्त आहे. मला एकट्याला ऐकू येतो. सोडला.

१७ मार्च

फाईली पाठवल्या. २ मिनिटं ३४ सेकंद. शब्द टंकताना ‘ठरलं’वरचा अनुस्वार दोनदा गळला आणि ‘ठरल नाही’ झालं, दुरुस्त केलं. गायिकेने आईला अजून ऐकवलेलं नाही. मी विचारलं नाही.

संध्याकाळी फाईल तपासणाऱ्या माणसाचा फोन. शेवटी गाणं कापलं गेलंय का, मास्टर परत पाठवता का? म्हटलं, नाही, ते तिथेच संपतं. बरं म्हणाला.

राहिलेलं: नुसत्या वाद्यांची प्रत, मुलांसाठी ‘चुकलो असेन’ असलेली गीतपट्टी, आणि गिटारवाल्याचा कॅपो माझ्याकडे आहे तो परत करणे.